काढून ठेवायचे?

मंगळवार, ४ मार्च

आज हात दाखवून अवलक्षण केलं. घरातला संगणक अपग्रेड करायला घेतला.

कुणी सांगितलं नव्हतं. यंत्र बिनतक्रार चालत होतं. आठ वर्षांपूर्वी मीच बसवलेलं लिनक्स, त्याला नंतर कुणी बोट लावलेलं नाही. बायकोचं सगळं काम त्यावर. तिचं शिवणकाम साधं नव्हे — पाठीला बाक असलेले, एक हात आखूड असलेले, अपघातानंतर कंबर एका अंगाला गेलेले लोक तिच्याकडे येतात. ही प्रत्येकाची वीस-बावीस मापं घेते, संगणकावर कटिंग काढते, छापून कापडावर ठेवते. माणशी एक, कधी दोन-चार फाइली. एकूण तीनशे बेचाळीस फाइली.

पूर्वी ही कटिंगं खाकी कागदावर होती, गुंडाळ्या करून कपाटावर. ते कागद रद्दीत घालायला मीच लावले. "कागदाला वाळवी लागते," असं मी म्हणालो होतो.

'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे' ही पट्टी आठ वर्षं येतच होती. आज सुट्टी, त्यात चहा चांगला झालेला. दाबलं! मधल्या आवृत्त्या गाळून एकदम शेवटच्या पायरीवर उडी. अर्ध्यात थांबलं. आता काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

ही म्हणाली, "चालत होतं ना?"

मी म्हणालो, "सुरक्षिततेचा प्रश्न असतो."

बुधवार, ५ मार्च

छापखान्यात रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती अडचण'. मुद्रितशोधकाने खोटं लिहू नये, आणि हे खोटंही नाही.

दिवसभर आज्ञा टाइप केल्या. अर्धी प्रणाली नवी, अर्धी जुनी — एका पायात बूट, एका पायात चप्पल. एक चूक दुरुस्त केली की दोन नव्या. संध्याकाळपर्यंत 'भीक नको, पण कुत्रं आवर' अशी गत झाली. आता काळा पडदाही येत नाही. काल तो तरी येत होता.

गुरुवार, ६ मार्च

ही आज सरळच म्हणाली, "गाणाऱ्या बाईंचा कोट बावीस तारखेला हवाय. त्यांचं कटिंग आत आहे."

गाणाऱ्या बाई म्हणजे हिचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. पाठीचा कणा दोन ठिकाणी वळलेला. वीस वर्षं रेडिओवर गातात, कारण तिथे कुणाला दिसत नाही. बावीसला पहिल्यांदा लोकांसमोर उभ्या राहणार आहेत. कटिंगसाठी आठ वेळा येऊन गेल्या. आता दुसऱ्या गावी तालमीत आहेत, त्याआधी येणार नाहीत.

मी म्हटलं, "दोन दिवस दे." आणि ठरवलं — डागडुजी बंद. पाटी कोरी करायची. पुन्हा इन्स्टॉल.

पाटी कोरी. काय शब्द सुचतात माणसाला!

शुक्रवार, ७ मार्च

इन्स्टॉल झालं. पेन ड्राइव्हवरून, पहिल्या फटक्यात. भाषा अर्थातच मराठी निवडली. मी त्यातला माणूस! बारा वर्षांपूर्वी हौशी मंडळींनी लिनक्स मराठीत आणलं, त्यात मीही रविवार घातले आहेत. इंग्रजीत इन्स्टॉल करणं मला सासुरवाडीत जेवण विकत घेऊन खाण्यासारखं वाटतं.

मध्येच प्रश्न आला: 'जुन्या घरातील सामान काढून ठेवायचे?' 'घर' म्हणजे आपल्या फाइली राहतात ती जागा. खाली 'हो' आणि 'नाही'. मला भरून आलं. किती काळजी! पाहुणे यायच्या आधी आपण कपाटातलं सामान काढून ठेवतो, तसं. 'हो' दाबलं.

नवं लिनक्स झुळझुळीत दिसतंय. हिला हाक मारणार होतो, म्हटलं आधी फोल्डर उघडून बघू.

शनिवार, ८ मार्च

रिकामा आहे.

काल तीनदा, आज पाच वेळा उघडून पाहिला. हिला सांगितलं, "सेटिंग चालू आहे." ती मान हलवून काज करायला बसली.

रविवार, ९ मार्च

बॅकअप आहे! असा कसा नसेल? गावभर बॅकअपवर प्रवचनं देणारा माणूस मी. मेव्हण्याच्या वाढदिवसालाही दिलं होतं.

टेबलाच्या खणात पेन ड्राइव्ह सापडला, वर माझ्याच सुवाच्य अक्षरात 'कटिंग — सर्व'. लावला. आत एकच वस्तू — फोल्डरचा शॉर्टकट. फोल्डर नव्हे, त्याच्याकडे बोट दाखवणारा बाण. सहा वर्षं मी एक बाण जपून ठेवला होता.

खण बंद केला. ही बाहेरून म्हणाली, "काय पडलं?" काही पडलं नव्हतं. मी खणावर कपाळ टेकवलं होतं.

सोमवार, १० मार्च

जुन्या मंडळींच्या गटावर लिहिलं. तिथे एक 'भुंगा' नावाने वावरणारा गृहस्थ आहे, कुठेही भोक पाडून आत शिरतो. त्याने प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे मागवले. मी दिले.

उत्तर आलं: "'काढून ठेवायचे'? मूळ इंग्रजीत सरळ 'पुसून टाकायचे का' असं विचारलंय! हे कुठल्या गाढवाने केलं?"

मी आवेशाने लिहिलं, शोध लावा, अशा माणसाला भाषेच्या वाऱ्याला उभं करू नये. वगैरे. चांगला परिच्छेद झाला होता.

तासाभराने भुंगा: "साहेब, श्रेयनामावली पाहिली. तुम्हीच आहात."

आठवलं. सगळं आठवलं. 'काढून टाका' मला उद्धट वाटलं होतं. शिवाय घरात दिवसभर टाका, उलटा टाका, कच्चा टाका — तो शब्द डोक्यात नुसता सुई-दोरा घेऊन यायचा. म्हणून 'टाका'चं 'ठेवा' केलं. म्हटलं, जरा मऊ वाटेल. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रुफांतली कुसळं वेचतोय. हे मुसळ बारा वर्षं बिनबोभाट सगळीकडे जात होतं.

भुंग्याने शेवटी एवढंच लिहिलं: "आता त्या डिस्कवर काहीही लिहू नका. बाहेर काढा." आणि खाली, "काढून ठेवा."

मंगळवार, ११ मार्च

सांगितलं.

चहा झाल्यावर, ती उभी असताना. मी 'फाइल प्रणाली'पासून सुरुवात केली. ती म्हणाली, "गेलं का?" मी म्हटलं, "बहुतेक." ती म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "सगळं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसली. म्हणाली, "त्यातली काही माणसं आता नाहीत. ती पुन्हा मापाला कुठून येणार?" मग म्हणाली, "माझ्याकडे कागद होते. तुमच्याकडे मतं होती."

आणि आत जाऊन मशीनवर बसली. मला खूप लाज वाटली. हे विनोद करून लिहिता येत नाही, म्हणून तसंच लिहितो.

बुधवार, १२ मार्च

छापखान्यातला संगणक मागून आणला, डिस्क त्याला जोडली. भुंग्याने सांगितलेला प्रोग्राम डिस्कचा कणन् कण चाचपत बसलाय. एक टक्का. जेवून आलो. एक टक्का.

शनिवार, १५ मार्च

सापडल्या! दोनशे एक्क्याऐंशी. एकसष्ट गेल्याच, त्यांच्या जागेवर माझं झुळझुळीत लिनक्स बसलंय.

पण फाइलींची नावं गेली. सगळ्यांना आकडे आलेत. आत नुसत्या रेघा आणि मापं. कोण कुणाचं, काही कळायला मार्ग नाही. मी हिला भीतभीतच बोलावलं.

तिने पहिली फाइल पाहिली. मुंढ्याच्या वळणाकडे, म्हणजे बाही जिथे लागते त्या गोलाईकडे, बोट नेलं. "काठीवाले मास्तर," म्हणाली. "उजवा हात काठीवर टेकून टेकून रुंद झालाय." दुसरी. "बेकरीवाल्यांची सून. ऑपरेशननंतरची." तिसरीला हसली. "हा फार हलायचा."

मी नावं टाइप करत गेलो. माझं काम तेवढंच.

रविवार, १६ मार्च

आज एकशे चार. गाणाऱ्या बाई अजून नाहीत. एका फाइलीला ती म्हणाली, "हे वारले. मागच्या थंडीत." मी विचारलं, ठेवू का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट सेव्ह केलं.

मंगळवार, १८ मार्च

गाणाऱ्या बाईंची पाठ सापडली! नुसती पाठ. पुढचा भाग दुसऱ्या फाइलीत होता, तो गेला.

"पाठच महत्त्वाची," ही म्हणाली. "पुढचं मी पाठीवरून काढते." आणि टेबलावर खाकी कागद पसरला. कागद कुठून आला, मी विचारलं नाही. वाळवीचाही विषय काढला नाही.

शुक्रवार, २१ मार्च

कोट गेला. हिने बटणं तीनदा तपासली. मी सोबत चिठ्ठी लिहून देतो म्हटलं, ती म्हणाली, "तुम्ही काही लिहू नका."

रविवार, २३ मार्च

बाईंचा सकाळी फोन आला. काल दीड तास उभ्या राहून गायल्या, कोटाकडे एकदाही लक्ष गेलं नाही म्हणाल्या. हिला एवढंच ऐकायचं होतं. फोन ठेवून ती थेट संगणकाशी येऊन बसली. मग स्वतःच म्हणाली, "चला, उरलेली संपवू."

सतरा होत्या. सहाव्या फाइलीला ती थांबली नाही, पुढे गेली. मी मागे आलो. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली, पाठ एका अंगाला ओढलेली. "हे कुणाचं?"

"राहू दे."

"अगं, नाव तर द्यायला हवं."

"तुमचं," ती म्हणाली. "प्रुफं वाचताना कलून बसता ना. दर दोन वर्षांनी थोडं उतरतं. अशा चार असायला हव्यात तुमच्या."

मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम ताठ चालला असतात."

आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय, की दुकानातला शर्ट मला बसत नाही, कारण हल्ली कुणाला सरळ शिवता येत नाही.