समोरच्या खोलीत कोणी साक्ष मागू नये

मी, मधुकर दाविद सोनटक्के, वय ६९, आयटीआयमधून निवृत्त झालेला सुतारकामाचा निदेशक, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे, हे त्या दाखल्यात नाही, म्हणून इथे नोंदवतो. राग म्हणजे वेड नव्हे. उद्या कोणी कोर्टात तसे म्हणू नये. माझी पत्नी प्रेमिला गेल्या जुलैत वारली. आम्हांस मूलबाळ नाही.

१. हुडकेश्वरचे राहते घर माझ्या कष्टाचे आहे. ते मी माझी पुतणी वैभवी हिला देतो. प्रेमिलाला उठता येत नव्हते तेव्हा तिची वेणी घालणारी आणि बेडपॅन उचलणारी वैभवीच होती. वैभवीचा भाऊ सौरव याने दफनाच्या दिवशी, हाताची माती झटकायच्या आत, मला इथल्या प्लॉटचा भाव विचारला. त्याला माझी स्कूटर द्यावी. ती सुरू होत नाही.

२. बँकेतील ठेव, दफनखर्च वजा जाता, वैभवीची.

३. रंधे, पटाश्या, करवती आणि कामाचे टेबल हेही वैभवीलाच. शेजारी नत्थूजी या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, म्हणून कायद्याने त्यांना काही देता येत नाही. माझी मोठी पटाशी त्यांच्याकडे आहे. ती त्यांनी परत करावी.

४. घराच्या समोरच्या खोलीवर नंदनवनातील आमच्या प्रार्थना-मंडळीचा कोणताही हक्क नाही. पास्टर अमोस म्हणतात की प्रेमिलाने ती खोली सर्वांदेखत प्रभूला दिली होती. ती तसे बोलली, हे खरे आहे. पण प्रभूला दिली होती, पास्टर अमोस यांना नाही. हा फरक समजावा म्हणून पुढील हकीकत लिहितो.

आमच्या मंडळीत रिवाज आहे. प्रार्थनेचे उत्तर मिळाले की सर्वांसमोर उभे राहून साक्ष द्यायची, आणि ऐकणाऱ्यांनी ‘आमेन’ म्हणायचे. प्रेमिलाच्या पोटात गाठ निघाली. औषधाने दुखणे थोडे दबले. पुन्हा तपासणी व्हायची होती. पास्टर म्हणाले, “ताई, आधी साक्ष द्या. आरोग्य मागून येते.” मंडळीचे प्रवचनासाठीचे सागवानी पुलपिट मीच बनवले आहे. त्याच्यामागे उभी राहून ती म्हणाली, “मी बरी झाली.” तिथेच तिने घराची समोरची खोली प्रभूला दिली. लोकांनी आमेनचा गजर केला. आभाराचे जेवण झाले. त्यानंतर बाया आपले आजारी लोक तिच्याकडे आणू लागल्या, डोक्यावर हात ठेव म्हणून.

दुखणे परत आले, पण तिने तोंड उघडले नाही. तपासणीची तारीख आली की ‘पुढल्या आठवड्यात जाऊ’ म्हणे. एकदा पोळी लाटता लाटता ओट्याला धरून खाली बसली, तेव्हा कळले. मी म्हटले, “काहून सांगितलं नाही वं?”

“आता दुखते म्हटलं त प्रभू खोटा पडन नं जी.”

“प्रभू काहून पडन? पडन त तुया पास्टर पडन.”

ती हसली. म्हणाली, “हसवू नका जी, पोटात कळ येते.”

दवाखान्यात सांगितले की उशीर झाला. माती देऊन परतताना पास्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “दादा, कुठेतरी विश्वास कमी पडला.” मी कमीच बोलतो. म्हणून इथे लिहितो: तिचा विश्वास कमी पडला नाही. तुमची घाई जास्त झाली. मी तुम्हांला क्षमा केलेली नाही. पुढे केली तर तसे कळवीन.

५. मला प्रेमिलाच्या शेजारी पुरावे. पास्टर अमोस यांनी यायला हरकत नाही, बोलायला आहे. कबरेजवळ कोणीही ‘देवाची योजना’ हे शब्द काढू नयेत.

६. माझे आणि देवाचे काय, हे मंडळीतले लोक विचारतात. ‘सोनटक्केंनी प्रभूला सोडले’ असे बोलले जाते. हे खोटे आहे. इतकी वर्षे मी प्रेमिलाच्या ओळखीने देवाकडे जात होतो, जावई बायकोच्या माहेरी जातो तसा. कडेला बसायचे, विचारले तेवढे बोलायचे. ती गेल्यावर ओळख करून देणारे कोणी उरले नाही. दफनानंतर कामाच्या टेबलापाशी उभा राहून मी पहिल्यांदा स्वतःचे शब्द काढले. पहिला शब्द ‘काहून’ होता. पुढचे इथे लिहिण्यासारखे नाहीत. तेव्हापासून रोज सकाळी भांडतो. उत्तर आलेले नाही. पण ज्या ख्रिस्ताने वधस्तंभावरून स्वतः ‘का’ म्हणून हाक मारली, तो माझ्या ओरडण्याने उठून जाणार नाही, एवढे मला समजले आहे. पास्टर याला पाप म्हणतात. पूर्वीच्या माझ्या सगळ्या गोड प्रार्थनांत एकही शब्द माझा नव्हता, त्याला ते काय म्हणतात?

हे वाचून नत्थूजी म्हणाले, “मधुकरराव, मृत्युपत्रात देवासंग भांडन कोन लिहिते गा?” मी म्हटले, “ज्याचं भांडन चालू आहे तो.” मजकूर तसाच ठेवला आहे.

हा राग मी कोणाच्या नावे करीत नाही. तो सोबत नेणार आहे. तिथे कामी येईल.

७. प्रेमिलाचा शब्द मी मोडत नाही. समोरची खोली दर शुक्रवारी संध्याकाळी उघडी ठेवावी. तिथे मी हात टेकायला दांडा असलेला एक बाक करून ठेवला आहे. कोणीही आजारी माणूस, कोणत्याही धर्माचा, येऊन बसू शकेल. गायचे तर गावे, नाही तर गप्प बसावे. तिथे कोणाकडूनही साक्ष मागू नये, आणि ‘बरं वाटते का’ विचारल्यावर ‘नाही’ म्हणायची सर्वांना मोकळीक असावी. वैभवीने हे पाळावे, एवढीच घराची अट आहे.

आणि त्या खोलीत कोणी ‘दुखते’ म्हणाले, तर बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणावे.

वरील मजकूर मी वाचून, खाडाखोड न करता, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

स्थळ: हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) मधुकर दाविद सोनटक्के

साक्षीदार:
१. (सही) नत्थूजी बापूराव ठवकर, शेजारी. पटाशी आजच परत केली.
२. (सही) शोभाताई किसन डोर्लीकर, शेजारी