माश्यांसमोर भांडायचं नाही

३ मे
पेन्शन सुरू झाली. पाणीपुरवठा कचेरीच्या किल्ल्या परत केल्या. आता दिवसभर करणार काय, असं लोक विचारतात. माझं ठरलेलं आहे. सासऱ्यांच्या मधमाश्या.

ओंडका एकच. परसात, झावळ्यांच्या छपराखाली आडवा ठेवलेला. आतून पोकळ. दोन्ही टोकांना लाकडी झाकणं, मातीनं लिंपलेली. मधोमध भोक, आणि भोकात कायम एक माशी पहाऱ्यावर. सासरे वारल्यापासून फिदेलिया बघते. बघते म्हणजे येता-जाता त्यांच्याशी बोलते. ही काही पद्धत नव्हे.

तिला सांगितलं, आजपासून माश्या माझ्याकडे. ती म्हणाली, माश्या माझ्या आहेत. मी म्हटलं, आपल्या. ती गप्प बसली. म्हणजे मान्य.

या माश्यांना नांगी नसते. तरी जाळीची टोपी आणली. भीती म्हणून नाही. शिस्त म्हणून.

९ मे
योजना. एका ओंडक्याचे दोन. दोनाचे चार. नाताळपर्यंत छप्पर भरेल. शिवाय कोंबड्या. पुढच्या वर्षी शेळी, आणि घरचं चीज.

फिदेलिया म्हणाली, अहो, फुलं संपली. आता वाटणी केलीत तर दोन्हीकडे उपास. बाबा थंडीत करायचे, आणि आधी मक्याची पेज ठेवून त्यांना सांगायचे. मी म्हटलं, बाबांचा काळ वेगळा होता.

छपराखाली सासऱ्यांचा आणखी एक ओंडका होता. रिकामा, चिरलेला, जागा अडवणारा. तो रस्त्यापलीकडे कासिल्दाला देऊन टाकला. कासिल्दा म्हणजे फिदेलियाची थोरली बहीण. तिनं तो दारात बसायला ठेवला. तिचा नवरा गास्पार लगेच म्हणाला, इथे नको, तिथे ठेव. ती म्हणाली, तू बसणार आहेस का, मग गप्प बस. संध्याकाळपर्यंत ओंडक्यावरून चालू होतं. त्या घरात मिरचीवरूनही सकाळ निघते.

१४ मे
नवा ओंडका आणून वाटणी केली. मेण, मध, अंडी, सगळं अर्धं-अर्धं. टोपीच्या जाळीतून माश्या आत आल्या आणि केसांत शिरल्या. मी किंचाळलो असं फिदेलिया म्हणते. मी सूचना देत होतो.

झाकण माझ्या हातून पडलं. मध मातीत. फिदेलिया म्हणाली, झालं समाधान? माझ्या बाबांची माशी आहे ती, तुमच्या कचेरीतला नळ नाही. मी म्हटलं, कचेरीला मध्ये आणू नकोस. ती म्हणाली, कचेरी तुम्हीच घरी आणलीत. मग आम्ही दोघंही बरंच बोललो. ओंडक्यांसमोरच.

१५ मे
नव्या ओंडक्याच्या भोकात पहारा नाही.

घरात भांडण झालं की या माश्या घर सोडतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खाटकाच्या घरून गेल्या तेव्हा सगळं गाव आधी त्याच्या ओंडक्याकडे बघून आलं, मग त्याच्या बायकोकडे. दोन महिन्यांत तीही गेली. आता तो दुकानात एकटा बसतो आणि सुरीला धार लावतो.

ठराव. या घरात यापुढे भांडण नाही. एकही नाही.

दुपारी भोकात एक माशी दिसली. तिला बघून डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती.

२ जून, सोमवार
नवी पद्धत चांगली चालली आहे. फिदेलिया जे म्हणेल त्याला मी हो म्हणतो.

आज सोमवार, म्हणून गावच्या रिवाजाप्रमाणे डुकराचं मांस घालून घेवडा. ती म्हणाली, मीठ कमी आहे का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, की जास्त झालंय? मी म्हटलं, हो. मग चमचा खाली ठेवून म्हणाली, मी काय भिंतीशी बोलतेय? मी हसून म्हटलं, हो.

माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. आदर असावा.

आज घरात भांडण नाही.

१९ जून
एक बारीक काळी माशी असते. चिलटाएवढी. कमजोर ओंडक्यात शिरते, अंडी घालते, आतलं सगळं सडवते. आज एक दिसली. मी टोपी आणायला आत गेलो, त्यामुळे मारता आली नाही. मी घाबरलेलो नाही. सावध आहे.

उपाय म्हणून कोंबड्या आणल्या. त्या चिलटं खातील. कोंबडाही आणला.

२४ जून
कोंबड्या चिलटं खात नाहीत. फिदेलियाची कोथिंबीर खातात.

कोंबडा फार ओरडतो. माश्यांना काय कळणार, हा कोंबडा आहे की आम्ही दोघं? कासिल्दाला देऊन टाकला. ती म्हणाली, भाऊजी, आमच्याकडे याचा आवाज ऐकू तरी येईल का? मग आतल्या गास्पारला उद्देशून, हा बघ, तुझ्यापेक्षा लवकर उठणारा आला.

आज घरात भांडण नाही.

११ जुलै
रेडिओ बंद केला. बातम्यांत लोक फार तावातावानं बोलतात. रेडिओ कासिल्दाकडे.

फिदेलिया मका दळताना गाते. तिला म्हटलं, मनातल्या मनात गा. ती म्हणाली, मनातल्या मनात मी दुसरंच काही म्हणतेय सध्या. विचारलं नाही. विचारलं असतं तर विषय वाढला असता.

२८ जुलै
शिलाई मशीन. पायानं चालवायचं, जुनं. खडखड करतं. झग्याच्या गळ्यावर फुलं भरताना फिदेलिया तासन्‌तास चालवते. मी काही बोललो नाही. फक्त मशीनखाली चटई घातली. मग घोंगडी. मग उशी.

ती म्हणाली, सरळ सांगा ना, नको म्हणून. मी म्हटलं, तसं काही नाही. ती म्हणाली, मग कसं आहे? मी म्हटलं, तुझं बरोबर आहे.

गास्पार हातगाडी घेऊन आला आणि मशीन घेऊन गेला. ती दिवसभर तिकडेच शिवणार आहे. उत्तम सोय. घर इतकं शांत झालं आहे की ओंडक्याला कान लावला तर आतली गुणगुण ऐकू येते. पूर्वीपेक्षा बारीक वाटते. कानात मळ असेल.

१६ ऑगस्ट
काळी चिलटं वाढली. सापळा म्हणून व्हिनेगरच्या वाट्या ठेवल्या. गावात कुणी विचारलं, काय वेन्सेस्लाओ, माश्या कशा आहेत, तर तळपायापासून घाम फुटतो. मी म्हणतो, मजेत. मग ते विचारतात, आणि वहिनी? तेव्हाही मी तेच सांगतो.

खाटकाच्या दुकानावरून जाणं बंद केलं आहे. मांस तब्येतीला वाईटच.

३० ऑगस्ट
एक निरीक्षण. जुन्या ओंडक्यातल्या माश्या पायांना मेण चिकटवून बाहेर पडतात आणि रस्ता ओलांडतात. त्यांच्या मागं गेलो. कासिल्दाच्या दारात, तिच्या बसायच्या ओंडक्यात शिरल्या. चिरेला नवं मेण लागलं आहे.

आत गास्पार आणि कासिल्दाचं जोरात चाललं होतं. विषय कोंबडा.

विचार केला. माश्या तिकडे जाणं शक्य नाही. त्या घरात भांडण आहे. म्हणजे फक्त हवापालट. किंवा समेट घडवायला जात असतील.

फिदेलियाला सांगितलं नाही. ती घाबरेल.

७ सप्टेंबर
वादळ येणार असं सांगतात. दोन्ही ओंडके घरात घेतले. जमिनीवर ठेवले तर मुंग्या. म्हणून दोर बांधून टांगले. भिंतीतल्या कड्यांना. माझ्या निजायच्या झुल्याच्या कड्यांना नव्हे, कारण माझी पाठ दुखते. फिदेलियाच्या.

ती दारात झुला खांद्यावर टाकून उभी. म्हणाली, आणि मी कुठे निजू? मी बोटानं वर दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ती झुला घेऊन कासिल्दाकडे गेली. तिथे जास्तीच्या कड्या आहेत.

वादळ दुसरीकडेच वळलं. मी जागाच होतो. वाऱ्याची भीती नव्हती. घरात माझ्याशिवाय कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. त्याची जरा सवय नाही.

आज घरात भांडण नाही.

२० सप्टेंबर
ओंडके खाली काढलेले नाहीत. हंगाम वादळाचाच आहे. फिदेलिया दुपारी येते, घेवडा ठेवते, जाते. जाताना काहीतरी नेते. एकदा पाटा. एकदा सासऱ्यांचा फोटो. मी म्हटलं, तो का? ती म्हणाली, पुसायला. काच खरंच मळली होती.

४ ऑक्टोबर
नवा ओंडका गेला. झाकण काढलं तर आत चिलटांच्या अळ्या. वास. मेलेल्या माश्या पानांत गुंडाळून लिंबाखाली पुरल्या. आमच्यात तसंच करतात. एका पानात मावतील असं वाटलं होतं. झाडाची एक फांदी ओरबाडून झाली.

फिदेलिया आली. रागावेल म्हणून मी आधीच म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती शेजारी बसली आणि माती सारखी करू लागली. मग म्हणाली, अहो, एकदा भांडा तरी माझ्याशी. मला विचारा, तू मशीन का नेलंस. विचारा, झुला का नेलास. ओरडा. मी वाट बघतेय हो.

तिचा आवाज चढला होता. जुना ओंडका खिडकीच्या आतच टांगलेला. मी म्हटलं, हळू बोल, माश्या आहेत.

ती उठली. हात झटकले. कोथिंबिरीवर पाणी मारलं आणि गेली.

थोडक्यात टळलं.

१७ ऑक्टोबर
कासिल्दाला रस्त्यात गाठून सहज विचारलं, तुमच्या बाबांच्या घरात किती शांतता असेल नाही? ती इतकी हसली की तिला कुंपणाला धरावं लागलं. म्हणाली, भाऊजी, आमची आई तवा फेकायची. बाबा झेलायचे, आणि मग तेही फेकायचे. त्या माश्यांना आमच्या शिव्या पाठ होत्या.

कासिल्दाच्या स्मरणशक्तीचा भरवसा नाही.

२९ ऑक्टोबर
मेलेले घरी जेवायला येतात ते दिवस आले. दरवर्षी सासऱ्यांसाठी आमच्या घरी टेबल मांडतात. मेणबत्ती, मध, त्यांची विडी. यंदा फोटो तिकडे आहे म्हणून टेबलही तिकडेच. मीही इथे एक मेणबत्ती लावली. पण फोटो नसताना ते इथे कशाला येतील? रस्त्यापलीकडे वळतील. त्यांनाही गोंगाट आवडायचा, असं कळलं आहेच.

मी घाबरलेलो नाही, असं लिहिणार होतो. पेन थांबलं. शाई संपत आली असावी.

१ नोव्हेंबर
ठराव. आज भांडायचं. सकाळभर तयारी केली. मशीन नेलंस. झुला नेलास. पाटा नेलास. बाबांना नेलंस. आता पुरे, घरी चल. आवाज कुठे चढवायचा तेही ठरवलं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. चांगलं जमलं.

कासिल्दाकडे जेवायला बोलावलं होतं. केळीच्या पानात गुंडाळून खड्ड्यात भाजलेला पीब. आत मक्याचं पीठ आणि कोंबडी. चव ओळखीची वाटली. आमचाच कोंबडा होता.

गास्पार म्हणत होता, खड्डा उथळ खणला. कासिल्दा म्हणत होती, उद्या तुझ्यासाठी खोल खणते. रेडिओ चालू. फिदेलिया पीब वाढताना गात होती. मोठ्यानं. मी विसरलो होतो, ती थोडी बेसूर गाते.

जेवण झाल्यावर मी दारात उभा राहिलो. फिदेलिया उद्याचं पीठ मळता मळता बाहेर आली, हात कोपरापर्यंत पिठाचे. म्हणाली, काय हो? बोला. आत कासिल्दा आणि गास्पार एकदम गप्प झाले. रेडिओही कुणीतरी बारीक केला. ती माझ्याकडे बघत होती. तिनं तसं शेवटचं कधी बघितलं होतं ते आठवेना.

मी तोंड उघडलं. नजर खाली गेली. बसायच्या ओंडक्याच्या भोकात पहाऱ्यावर एक माशी. ऐटीत. मागे आत भरलेली गुणगुण.

मशीन नेलंस, असं म्हणायचं होतं.

मी म्हटलं, मिठाचा डबा सापडत नाही.

तिनं हातांचं पीठ पुसलं. मग म्हणाली, चुलीच्या वर, डावीकडे. जिथे लग्नापासून आहे तिथेच. आणि आत गेली. क्षणभरानं कासिल्दा म्हणाली, गास्पार, रेडिओ मोठा कर.

३ नोव्हेंबर
जुना ओंडका कड्यांवरून खाली काढला. एका हातानं निघाला, इतका हलका. झाकण उघडलं. चिलटं नाहीत. सडलेलं काही नाही. स्वच्छ. माश्यांनी मध नेला, मेणही खरवडून नेलं. जाताना एकही मेलेली ठेवली नाही.

फिदेलियाच्या कड्या पुसल्या. मोकळ्या आहेत.

मीठ सापडलं. चुलीच्या वर, डावीकडे.

आज घरात भांडण नाही.