साहेबाला सांगितलेलं जेवण

चिकलठाणा, औरंगाबाद

आये, बिरूचं डोकं तुझ्या पायावर. मी इथं बरा हाय.

कमीत कमी मजुरी किती वाढवायची ते ठरवायला सरकारची कमिटी आमच्या कारखान्यात आली होती. कमिटीच्या साहेबानं सगळ्यांदेखत मलाच इचारलं, "रोज काय खाता?" परक्यापुढं आपली उणीव सांगू नाय, हे तुझंच शिकवणं. म्या म्हणलं, "भाकर, डाळ, रोज दूध." त्यानं तसंच लिहून घेतलं.

काल नवा दर लागला. मजुराचं भागतंय म्हणून वाढ नावालाच केली. पुढली कमिटी पाच वर्षांनी येणार म्हणं. माझ्यासंगं कामाला असणारा, माझ्याच ताटात जेवणारा फकिरा आता माझ्याशी बोलंना झालाय.

दोन्ही शेळ्या हायत का, का कन्नडच्या बाजारात गेल्या?

तू इचारलंस, पोटभर खातोस ना? व्हय आये. भाकर, डाळ, रोज दूध.

तुझा बिरू