सगळ्यांचं लग्न ठरलं त्याची हकिकत

ती. गंगूआत्यास,
हिंगोलीहून प्रतिक्षाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (औंढ्याला देवळात रोज जाऊ नको म्हणलं तरी तू ऐकणार न्हाईस.) फोन केला असता, पण तुझा फोन सारं घर मिळून ऐकतं.

बाबांच्या वधू-वर मंडळाचा सर्व्हर माझ्या हाती आलाय, हे तुला ठाऊकच आहे. सगळ्या स्थळांची माहिती त्यात असते. पासवर्ड होता ‘हिंगोली’, आणि तोही भिंतीवर खडूनं लिहिलेला! येईल तो आईबाप आत शिरून पोराचा पगार वाढवून जायचा. एका पोराची तर उंचीच दर दिवाळीला दोन इंच वाढायची. मी पासवर्ड बदलला, बाकीच्यांना नुसतं वाचायची परवानगी ठेवली. बदल करायचा हक्क माझ्या एकटीचा. म्हणजे घोळ घालायची सोयही एकटीलाच.

परवा ग्यानोबाचं लग्न ठरलं (सिद्धेश्वर धरणावरचा तो मासेवाला). त्याची नोंद बदलायची होती. सर्व्हरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: काय बदलायचं आणि कुणाचं. मी गडबडीत ‘कुणाचं’ लिहिलंच न्हाई. झालं! आत्या, मंडळातल्या एकूण एकाचं लग्न ठरलं, आणि तसा मेसेजही ज्याच्या त्याच्या मोबाइलवर गेला.

अर्ध्या घंट्यात शकुंतलाबाई पेढे घेऊन हजर. “सून कुठली वं?” चुकून झालं म्हणलं, तर पेढ्यांचा पुडा छातीशी धरून म्हणल्या, “ठरलं ते ठरलं, आता मोडू नका!” मोहनसिंगकाका सत्तरीचे, ते नवा सदरा घालून आले आणि काहीच न विचारता खुर्चीत लाजत बसले. मला हसू आवरेना, अन् रडूही.

शेवटी मंडळाचं मशीन बघणारा अपूर्व धावत आला. आदल्या दिवशीची प्रत त्यानं जपून ठेवली होती, ती माझ्या पासवर्डनं परत चढवली. सगळे पुन्हा बिनलग्नाचे झाले (ग्यानोबा सोडून, त्याचं मी नीट लिहिलं). काकांना चहा पाजून घरी सोडलं.

तुझी लाडकी,
प्रतिक्षा

ता. क. : सगळे म्हणजे आणखी दोन सोडून. माझ्या अन् अपूर्वच्या नावापुढं ‘लग्न ठरले’ तसंच दिसून राहिलं होतं. “हे काहून राहिलं?” विचारलं, तर मान खाली घालून म्हणतो, “तुमची हरकत नसली तर राहू द्या की.” मी राहू दिलं.

ता. ता. क. : बाबा रोज ती यादी वाचायला मागतात. सर्व्हर बिघडलाय म्हणून थोपवून धरलंय. तू त्यांची थोरली बहीण, तुझ्यापुढं ते बोलत न्हाईत. आत्या, मिळंल त्या यष्टीनं ये.