गॅस भरताना पोरीला चहाला धाडू नये

मी, नवसाबाई झिपरू निरगुडे, राहणार पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहिते. शाळा गावातली, चौथीपर्यंत, म्हणून अक्षर मोठं हाय. पण डोकं ठिकाणावर हाय. डॉक्टर माजिदा मॅडमनी तपासून तसं लिहून दिलंय. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हणलं, "तुम्ही फी घेता तो." त्या हसल्या नि सही केली. माझ्यावर कुणाचा दबाव नाय. टाकू बघणारे लय हायेत, त्यांची नावं खाली येतीलच.

याआधी मी काही लिहून दिलंय असं कुणी दाखवलं तर ते खोटं समजावं. मागच्या महिन्यात माझ्या मुलानं, चंदरनं, "आई, रेशनकार्डाचं हाय, सही कर" म्हणून एक कागद पुढं केला होता. मी चष्मा हरवल्याचं सांगितलं. चष्मा कमरेलाच खोचलेला होता.

राहतं घर चंदरला द्यावं. सोन्याची पोत सूनबाई पूजाला. मी झोपलेय असं समजून तिनं ती गळ्याला लावून आरशात पाहिली, तेव्हा शोभते का ते तिला ठाऊकच हाय.

आता हायवेवरचा गाळा. भांडण इथंच होणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे हे तिथं कोल्ड स्टोरेजची मशीनं दुरुस्त करायचे. गाळा त्यांनी माझ्या नावावर केला. ते गेल्यापासून त्यांचा चेला मुस्तकीम काम बघतो. चंदरचा डोळा याच गाळ्यावर हाय. त्यानं गंगापूर रोडला भागीत ट्रेनिंग सेंटर काढलंय, मेकॅनिक करून देतो, नोकरी हमखास म्हणतो. तिथं मशीन एकच, नि तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाय. तपासणीला साहेब आले तेव्हा पोरं कमी पडली, म्हणून मला पहिल्या बाकावर बसवलं. पुढं माझ्या नावानं सर्टिफिकेट आलं, रेफ्रिजरेशन मेकॅनिक, श्रेणी अ. ते सर्टिफिकेट चंदरलाच देते. घरातला फ्रीज बिघडला तर मात्र मला वरून बोलवू नये.

माझी चेष्टा झाली, त्याचं काही नाय. पण तसलाच कागद माझ्या नातीकडं, चंदरच्याच पोरीकडं, भाग्यश्रीकडं हाय. ती एका कोल्ड स्टोरेजला नोकरी मागायला गेली. त्यांनी हातात गॅसचा दाब बघायचा गेज दिला, मशीनला लाव म्हणले. तिनं नळ्या उलट्या लावल्या. घरी येऊन म्हणाली, "आजी, सेंटरात मला कुणी मशीनला हातच लावू दिला नाय गं." तेव्हापासून पोरगी घरात बसून हाय, नि बाप गावभर सांगतो, इकडं कामच नाय. काम नाय, तर मुस्तकीम जेवायला घरी का जात नाय?

म्हणून गाळा भाग्यश्रीला देते. चंदरनं तिथं बोर्ड लावू नये, कुणाला मशीनपुढं उभं करून फोटो काढू नये. बँकेतली ठेवही भाग्यश्रीचीच. शिकताना हात तंग नको, म्हणजे अर्ध्यात सोडायला निमित्त उरणार नाय.

मुस्तकीमनं भाडं न देता तिथंच काम करावं. माणूस चांगला हाय, पण संशय त्याच्यावरही हाय. मशीनमध्ये थंडाव्याचा गॅस भरायची वेळ आली की हा हाताखालच्या पोराला म्हणतो, "जा रे, चहा सांगून ये." पोरगं परत येतं तर मशीन चालू. गावातल्या कितीक पोरांनी या गाळ्यात राहून फक्त चहावाल्याची ओळख कमावली. ही खोड मूळची आमच्या ह्यांचीच. मुस्तकीमलाही ह्यांनी असंच पळवलं, तो पत्र्याच्या फटीतून बघून शिकला. मी त्याला टोकलं तर म्हणाला, "अम्मा, सगळं दाखवलं तर उद्या समोरच दुकान टाकतील." मी म्हणलं, "टाकू दे की! हायवे काय तुझ्या सासऱ्यानं दिलाय?" लाजला, पण दाखवतो असं काही म्हणाला नाय.

तरी बंधन घालते की, मुस्तकीमनं गॅस भाग्यश्रीकडं तोंड करून भरावा. त्या वेळी तिला चहाला धाडू नये. तल्लफ आली तर स्वतः जावं. ह्यांची सगळी हत्यारं त्यानं वापरावीत, पण मालकी त्याला तेव्हाच मिळेल, जेव्हा भाग्यश्री कोल्ड स्टोरेजची एखादी बंद पडलेली खोली एकटीनं चालू करील. शिकली का नाय ते त्यानं सांगू नये, त्याला हत्यारं हवीत. तिनंही सांगू नये, ती घाईची हाय. खोलीत शिरून ज्याला हुडहुडी भरेल त्यानं सांगावं.

राहिला कोल्ड स्टोरेजवाला वाळूभाऊ. तो मला तोंडावर म्हणाला, "मावशी, आपल्याकडची पोरं मी ठेवत नाय. ऐन द्राक्षाच्या टायमाला ह्याची हळद, त्याची दशक्रिया. ठेकेदाराची बाहेरची माणसं बरी."

मी म्हणलं, "आणि तुझ्या आईच्या दशक्रियेला जे आले नाय, त्यांच्याशी तू अजून बोलत नाय, ते रे?"

मग म्हणाला, "बरं. तुझ्या नातीला फोन करीन. पण एकदा जरी आली नाय, तर पुन्हा कधीच नाय."

तेव्हा शेवटचं लिहिते. माझा काही भरवसा नाय, मी ऐन सीझनातच जाईन. त्या दिवशी वाळूभाऊचा फोन आला तर भाग्यश्रीनं आधी तिकडं जावं. तिच्यासाठी मला ताटकळत ठेवू नये. दशक्रियेच्या दिवशी फोन आला तरी तेच. भाऊबंद कुजबुजतील, सख्ख्या आजीला नात आली नाय. त्यांना हा कागद मोठ्यानं वाचून दाखवावा नि सांगावं, रजा मागितली होती, म्हातारीनंच नामंजूर केली.

सही: नवसाबाई झिपरू निरगुडे

साक्षीदार:
१. डॉ. माजिदा शेख
२. वाळू मोगल (शब्द फिरवील म्हणून मुद्दाम सही घेतली हाय)

ठिकाण: पिंपळगाव बसवंत
तारीख: १८ जानेवारी २०२५