आधी सांग, मग उघड

कोल्हापूर, २१ ऑगस्ट २०२४

ती. पिराजीमामांस,
अनुजाचा सा. न. वि. वि.

साखर कारखान्यातल्या आवाजानं तुमचे कान नेले, फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं.

इंजिनिअरिंगची पोरं नेमकी शिकतात कशी, यावर संशोधन करायचा घाट मी विद्यापीठात आमच्या मेकॅनिकल विभागात घातलाय. विभागप्रमुख विश्वजितसर म्हणाले, हे बी.एड.वाल्यांचं काम, तुम्ही आपला पंप शिकवा. तरी दिवाळीपर्यंत एक खोली दिलीय. तोवर फरक दाखवला नाही, तर खोलीही गेली आणि संशोधनही.

आता गंमत ऐका. पद्धत तुमचीच चोरलीय! घरच्या पडवीत तुम्ही उमेदवार फिटरांना बंद पडलेल्या पंपाला हात लावू देत नव्हतात. आधी बिघाड सांग, मग उघड. आणि भिंतीवर लिहिलेला अंदाज चुकला तरी पुसायचा नाही. माझी अ तुकडी तसंच करते, पेननं अंदाज लिहून. ब तुकडी नेहमीसारखी थेट पाना उचलते. दर आठवड्याला दोन्ही तुकड्यांची चाचणी होते. महिना झाला, अ तुकडी पुढं चाललीय.

येत्या मंगळवारी बघायला याच. मामींच्या हातचा ठेचा विसरलात, तर दार उघडणार नाही.

लोभ आहेच, तो ठेच्यासकट यावा.
अनुजा

नेसरी, २९ ऑगस्ट २०२४

चि. अनुजास पिराजीमामाचे आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. म्हस व्यालीय, खरवस धाडतो.

तुमचं कॉलेज झ्याक हाय. एक सांगायचं ऱ्हायलं. तू मीटिंगला गेलतीस तवा मी शेजारच्या खोलीत डोकावलो. ती तुझी ब तुकडीची पोरं, पंप दिसला की लागली नटं खोलायला! डोकंच फिरलं माझं. पाना काढून घेतला, समद्यांना खाली बसवलं, म्हणलं आधी सांगा, मग उघडा. पार चार वाजेपर्यंत बसलो की. मोना म्हणून एक पोरगी तर निघताना पाया पडली.

आन् राग धरू नको, पण निम्म्या पोरांना मुद्दाम उपाशी ठेवायचं, हे कसलं संशोधन गं? आपल्यात पंगतीला असला भेदभाव चालत न्हाय.

तब्येतीला जप. जावईबापूंना नमस्कार सांग.
पिराजीमामा

कोल्हापूर, २५ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दोन महिने उत्तर दिलं नाही, रागच तेवढा होता. पार वाटोळं केलंत माझ्या संशोधनाचं! ब तुकडी वेगळी राहिली तरच फरक दिसणार होता. तुमच्या त्या मंगळवारनंतर ती पोरं आपणहून अंदाज लिहायला लागली. त्यांना थांबवू तरी कशी? शेवटच्या चाचणीत दोन्ही तुकड्या बरोबरीत. फरक शून्य. दोन दिवस रडत होते.

फक्त पहिल्या महिन्याचे आकडे दाखवून गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण चुकलेला अंदाज पुसायचा नाही, हे तुमच्याच पडवीत शिकलेय ना! काल विश्वजितसरांच्या समितीपुढं सगळं सांगून टाकलं, तुमच्या नावासकट.

पुढं काय झालं ते सोबतच्या बंद पाकिटात आहे. नियम तुमचाच. आधी पाकिटावर पेननं अंदाज लिहा, मग उघडा.

राग सरलाय, लोभ उरलाय.
अनुजा

नेसरी, ३० ऑक्टोबर २०२४

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

पाकीट दोन दिवस देव्हाऱ्यात पडून होतं. उघडायचं धाडसच हुईना. तुझी मामी म्हणाली, चांगलं काय तरी लिवा. मी लिवलं, खोली गेली, माझ्यामुळं गेली. आन् मग उघडलं.

विश्वजितसर म्हणाले म्हणं, एका दुपारनंतर ब तुकडी एवढी वर येती, मग ह्योच तर फरक! खोली ऱ्हाऊ दे, पुढल्या साली सिव्हिल आन् इलेक्ट्रिकलची पोरंबी घ्या. एका तुकडीला आधी शिकवा, दुसरीला मागनं, पण उपाशी कुणी न्हाय. आन् मंगळवारी त्या मामांना बोलवा. दोनदा वाचलं. चष्मा पुसला तरी अक्षर दिसंना. लई बरं वाटलं बघ, पोरी.

मामी म्हणती, पाकिटावरचं ते अभद्र खोडा आता. न्हाय खोडलं. तसंच संगं धाडलंय. तुझ्या खोलीच्या भिंतीवर लाव, पोरांना दिसंल असं. खाली नाव लिव, पिराजी फिटर, चुकला.

दिवाळी झाली की पयल्या मंगळवारी येतो. ठेचा आणतो, दार उघडं ठेव.
तुझा मामा