बाराव्या मात्रेवरचा दणका

नागपूर, मंगळवार, फेब्रुवारी १९७४

आज चूक सापडली! स्पेनचा हा फ्लामेंको नाच मी एका रेकॉर्डवरून आणि मासिकातल्या चार फोटोंवरून शिकतेय, कारण अख्ख्या नागपुरात शिकवणारं कोणी नाही. मात्रा बारा, म्हणून कथकच्या सवयीनं, एकतालासारखी पहिल्या मात्रेवर सम धरून टाच आपटत राहिले. आणि रेकॉर्डवरच्या टाळ्यांचं वजन तर बाराव्यावर! सहा महिने वाया? छे, मुळीच नाही.

कथकचे गुरुजी म्हणाले होते, "जोडे घालून नाच? पाप आहे." असू दे पाप. मोच्याकडून टाचांना खिळे ठोकून घेतलेत, ते निघणार नाहीत.

संध्याकाळी बाराव्यावर टाच मारली, तर अंग आपोआप वळलं. तेवढ्यात खालच्या घरमालकीणबाई जिना चढून आल्या. परवाच त्यांनी बजावलं होतं, नाच बंद कर नाहीतर खोली सोड. आता संपलं, वाटलं. तर म्हणतात, "काहून वं पोरी, रोज मोठा दणका बारीक ठोक्यांच्या आधी येत होता, आज मागून येऊन राहिला?"

म्हणजे बाईंना छतातून कळलं!

आता विचारू देत गुरुजी, तुला शिकवतं कोण. सांगीन, खाली राहतात. उद्या आणखी चार खिळे ठोकून घेते.